डोकं खाली

"डोकं!"

मास्तर ओरडले, आणि पलीकडे पळसाच्या झाडाखाली वाकून गवत कापणाऱ्या चार बाया विळे टाकून, दोन्ही हात डोक्यावर धरून मटकन खाली बसल्या. त्यांच्यावर काहीच आलं नाही. येणार कुठून? बॉल माझ्या पायांपाशी होता तिथंच होता. माझी स्टिक त्याला नुसता वारा घालून पुढे गेली होती.

"तुमाले नाई वो!" मास्तरांनी बायांकडे हात हलवला. "मॅडमले म्हणलं!"

बाया उठल्या. त्यांतली एक उंच, कपाळावर गोंदण असलेली बाई कमरेवर हात ठेवून इतकी हसली की बाकीच्या तिघींनाही हसू आवरेना. स्टिक फिरवून फिरवून माझा चेहरा आधीच लाल झाला होता, तो आणखी झाला. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि माझा गोल्फ शिकण्याचा तो पहिला दिवस होता.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. आमचे विभागप्रमुख मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची मला हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घ्या, फार हवी होती. काम मला येत होतं. पण कामाचं बोलणं आमच्याकडे कचेरीत होत नसे, ते रविवारी सकाळी मैदानावर होई. जनरल मॅनेजर साहेब तिघांना घेऊन गोल्फ खेळत, आणि नऊ होल चालून होईपर्यंत कोणाचं काय करायचं ते ठरून जाई. एकदा जिन्यात साहेब मला म्हणाले होते, "उपासनी, तुमच्याशी बोलायचं राहूनच जातं. तुम्ही रविवारी दिसत नाही कधी." मी म्हटलं, "शिकतेय सर." धडधडीत थाप. ते खूश झाले. "मग पाडव्यानंतरच्या रविवारी या. आमच्यात एक जागा आहे."

पाडव्यानंतरच्या रविवाराला अठरा दिवस उरले होते. ती खुर्ची मला मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते. गोष्ट त्याची नाही.

मैदान म्हणजे सिनेमात दिसतं तसलं काही नव्हतं. पूर्वीच्या कोण्या मॅनेजरनं हौसेनं माळ सपाट करून घेतला होता. होलभोवती हिरवळीऐवजी जळकं ऑइल मिसळलेली वाळू थापलेली. बाकी सगळीकडे गुडघाभर पिवळं गवत, ते कापायला रोजानं बाया. आणि शिकवायला लखू मडावी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मैदान आखलं तेव्हा खुंट्या ठोकायला आलेला हा माणूस. पुढे तीस वर्षं साहेबांच्या बॅगा वाहिल्या आणि पाहून पाहून शिकला. पायांत टायरच्या चपला, अंगात कोणीतरी दिलेला कॉलरचा टी-शर्ट. स्वतःची एक स्टिकही नव्हती. पण हातात कोणाचीही द्या, स्टिक अशी फिरायची की काही जोर लावलाच नाही असं वाटावं, आणि बॉल पार बाभळींपर्यंत जायचा.

"खेळ तुमाले मी शिकवतो," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पण माझ्यापाशी शिकवायच्या परीक्षेचा कागद नाई, मॅडम. बर्डे साहेब नागपूरचा कागदवाला मास्तर आणतो म्हणून रायले. एक तक्रार आली का माझं झालं."

कॅप्टन बर्डे म्हणजे क्लबचे सेक्रेटरी. मिशीला पीळ देऊन नियम सांगणारे.

"माझी कसली तक्रार असणार, मास्तर?" मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

मग शिकवणी सुरू झाली. पाय खांद्याइतके फाकवा. गुडघे जरासे सैल. स्टिक आवळू नका, आवळली का मनगट मेलं. डावा हात सरळ. मागं जाताना सावकाश. हातांनी नाही, अंगानं वळा, पाठ त्या पळसाले दाखवा. मग खाली कंबर आधी येईल, हात तिच्या मागं. ऐकायला सोपं. मी करायला गेले की पायांपासून मानेपर्यंत सगळं अंग परक्याचं व्हायचं. डावा हात सरळ ठेवला की गुडघे ताठ, गुडघे सैल केले की हात वाकडा. आणि या सगळ्याच्या वर एक रोग: मारायच्या क्षणी माझी मान वर व्हायची. बॉल कुठे गेला ते बघायला. तो गेलेलाच नसायचा.

"बॉल कुठी पळून नाई चालला," मास्तर म्हणायचे. "तुमीच पळून रायल्या. आयका. मैदान मी पायतो. तुमी निस्ता बॉल पाहा. पुढं मोकळं असलं का मी 'हं' म्हणीन, तवा मारा. मारल्यावरही पाहू नका. आवाज आयका. बरोबर लागला का आवाजच सांगते. मग मी म्हणीन, 'आता पाहा.' तवाच डोकं वर करा."

"आणि तोवर?"

"तोवर डोकं खाली."

पण 'डोकं खाली' म्हणायला त्यांना वेळच मिळायचा नाही. माझी मान हलली रे हलली की ते नुसतंच ओरडायचे, "डोकं!" आणि तिकडे बाया मटकन बसायच्या.

ती भानगड मला तिसऱ्या दिवशी कळली. बॉल कोणाच्या अंगावर जायला लागला की 'फोर' म्हणून ओरडायचं, हा गोल्फचा नियम. क्लबच्या भिंतीवर फळ्यावर तसं रंगवून लिहिलेलं होतं. पण बायांना ते 'फोड' ऐकू यायचं.

"मी म्हणावं 'फोर'," मास्तर सांगत होते, "आन् ह्या उभ्याच्या उभ्या विचारत, काय फोडू? एकीच्या पाठीत लागला बॉल. तवा मी म्हणलं, मरो तो फोर. मी 'डोकं' म्हणलं का हात डोक्यावर घेऊन खाली बसा. चार वर्सं झाली, कोनाले लागलं नाई."

गोंदणवाली बाई, सायत्रा कुमरे, विळा घेऊन जवळ आली होती. तिला माझी भारी गंमत वाटायची. "मॅडम," ती म्हणाली, "तुमी कांडण कांडता का वो? वरून खाली, वरून खाली. कंबर कवा हालन तुमची?"

"तू दाखव मग," मी म्हटलं.

तिनं मास्तरांकडे पाहिलं, विळा ठेवला, लुगडं सावरून माझी स्टिक घेतली आणि अशी फिरवली की गवताचे तुरे सटकन उडाले. मास्तर बघत राहिले. "इले शिकवलं असतं तं कप आणला असता," ते म्हणाले. सायत्रा तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला होता, हेही सांगायला हवं.

पहिला आठवडाभर मास्तर 'डोकं' म्हणाले की बाया बसायच्या, मग उठून हसायच्या. पुढच्या आठवड्यात त्या नुसत्या जराशा वाकायला लागल्या. मग तेही थांबलं. सकाळपासून चाळीस वेळा कोण बसणार? मास्तर ओरडले की चौघी मान वर करून माझ्याकडे बघायच्या, आणि सायत्रा तिकडून हेल काढून विचारायची, "आज कितव्यांदा गेलं डोकं, मॅडम?"

मास्तरांना ते खुपत होतं. एका सकाळी स्टिक पुसता पुसता ते म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी दुसरा शब्द काढावा लागते. बाया आता बसून नाई रायल्या."

"दुसरा कुठला?"

"काईही. 'मान' म्हणतो. नाईतं तुमचं नाव घेतो."

मी वैतागले. आदल्याच दिवशी पहिल्यांदा लागोपाठ तीन बॉल उडाले होते. 'डोकं' म्हटलं की आपोआप माझी हनुवटी छातीकडे जायची, इतकं ते अंगात भिनलं होतं. आता रविवार चार दिवसांवर आला असताना नवीन शब्द?

"रविवारपर्यंत राहू द्या हो, मास्तर," मी म्हटलं. "मला याची सवय झालीय. नंतर काय हवं ते बदला."

त्यांनी पळसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अधिकारी होते आणि ते रोजावर होते. "बरं," ते म्हणाले.

शुक्रवार उजाडला. रात्रीची चांगली झोप झाली होती, वारा नव्हता, आणि पहिल्या दोन फटक्यांतच मला कळलं की आज काहीतरी जमतंय. पाय जमिनीत बसले होते. हात हलके होते. तिसरा बॉल ठेवला. मास्तरांनी पुढे पाहिलं आणि म्हणाले, "थांबा जरा. बाया आडव्या आल्या. बाजूले करतो." ते कडेनं चार पावलं पुढे गेले आणि त्यांनी हात वर केला. माझी नजर बॉलवर होती. त्यावरच्या बारीक खळग्या मला एकेक दिसत होत्या. मी थांबले तर हे जमून आलेलं सुटेल, अशी भीती वाटली. मास्तर काहीतरी बोलले. बायांशी बोलत असावेत.

नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मला 'हं' ऐकू आलं होतं. आलं नव्हतं.

मी मारलं. अंग वळलं, कंबर आधी आली, हात तिच्या मागं. आणि आवाज आला, कोरडा, लहानसा. तसा आवाज माझ्या स्टिकमधून आधी कधी निघाला नव्हता. मी डोकं खालीच ठेवलं. जिथं बॉल होता तिथल्या चिमूटभर मातीकडे बघत राहिले.

"डोकं!" मास्तर किंचाळले. "डोकं! डोकं!"

मला राग आला. अहो, डोकं खालीच आहे की! आज पहिल्यांदा खाली आहे, आणि आजही ओरडताय? मी हट्टानं मान आणखी खाली घातली आणि 'आता पाहा'ची वाट पाहू लागले. ते आलंच नाही. बायांचा कालवा आला, आणि मास्तरांच्या पळण्याचा आवाज.

मी गेले तेव्हा सायत्रा पळसाच्या बुंध्याशी बसली होती. डाव्या डोळ्यावर तिनं पदराचा बोळा धरला होता आणि तो भिजत चालला होता. मास्तरांनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि कारखान्याच्या दवाखान्याकडे पळत सुटले. त्यांची एक चप्पल गवतात राहिली. मी ती उचलून त्यांच्या मागे धावले. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

डोळा गेला. चंद्रपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी शनिवारी तसं सांगितलं. मी संध्याकाळी भेटायला गेले तेव्हा सायत्रा भिंतीला टेकून बसली होती, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. मला पाहून तिनं पाय पोटाशी घेऊन खाटेवर जागा केली. मी उभीच राहिले.

"सायत्रा, मास्तर ओरडले होते गं," मी म्हटलं. "तू बसली का नाहीस?"

"आयकलं ना मी." ती हळूहळू बोलत होती. "मले वाटलं, मॅडमचं डोकं पुन्हा वर गेलं. म्हणून पाहाले मान वर केली." मग तिनं विचारलं, "गेलं होतं का वो?"

"नाही," मी म्हटलं. "खाली होतं."

"मंग जमलं तुमाले," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

निघताना तिनं माझा हात धरला. तिचा तळवा विळ्यानं घट्टे पडून खरखरीत झालेला होता. "मास्तरले काढून टाकतीन म्हन्ते. त्याईनं त मले हात केला होता, बाजूले व्हा म्हणून. तुमी सांगा ना साहेबाले. आमचं कोन आयकते? तुमचं आयकतीन."

"सांगते," मी म्हटलं.

रविवारचा खेळ रद्द झाला. सोमवारी दुपारी बर्डेंनी मला क्लबच्या ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"उपासनी, घाबरू नका. साहेबांशी बोललोय मी. ते म्हणाले, शिकणाऱ्याचा काय दोष? पुढे कोण आहे ते शिकवणाऱ्यानं बघायचं." त्यांनी कागद सरळ केले. "तुमचं नाव यात अडकायला नको, एवढंच. मे महिन्यात तुमचा विषय निघणार आहे ना? मी दोन-तीन प्रश्न विचारीन. जेवढं विचारलं तेवढंच सांगा."

मग त्यांनी मास्तरांना आत घेतलं. तिसरी खुर्ची रिकामी होती, पण बसा कोणी म्हटलं नाही. मास्तर दाराशी उभे राहिले. त्यांच्या टी-शर्टवर खांद्याजवळ धुऊनही न गेलेला तपकिरी डाग होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जरा मान हलवली, शिकवताना 'होऊन जाईल' म्हणून हलवायचे तशी. त्यांना वाटत होतं मी सांगणार आहे. मलाही आत येईपर्यंत तसंच वाटत होतं.

मी टेबलाकडे पाहिलं. हिरव्या कापडावर शाईचा एक जुना डाग होता, बॉलएवढा.

"शुक्रवारी सकाळी," बर्डेंनी विचारलं, "मडावीनं 'फोर' असा इशारा दिला होता का?"

"ते ओरडले होते."

"'फोर' असं ओरडले होते का?"

"नाही."

त्यांनी लिहून घेतलं. "फळ्यावर नियम लिहिलेला आहे. तो न पाळता हा माणूस भलतंच काही ओरडायचा, बरोबर?"

सांगायचं ते इथंच सांगायचं होतं. भलतंच नाही, बायांच्या जिवासाठी काढलेला शब्द होता. चार वर्षं तो चालला. मी तो वापरून वापरून पोकळ केला, आणि ते बदलतो म्हणाले तेव्हा मी नको म्हटलं. चार वाक्यं होती.

"बरोबर," मी म्हटलं.

"आणि फटका मारा असं त्यानं सांगितलं होतं?"

"ते 'हं' म्हणतात," मी म्हटलं. "मग मी मारते."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. बर्डेंनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: "प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून फटका मारला." मग दाराकडे वळून म्हणाले, "मडावी, तुला काही सांगायचंय?"

वर पंखा फिरत होता. मास्तर माझ्याकडे बघताहेत हे मला बघितल्याशिवाय कळत होतं. इतके दिवस मान सावरता येत नव्हती मला, कसल्याही आवाजानं वर उठायची. त्या दुपारी ती दगडासारखी खाली राहिली.

"मॅडम सांगून रायल्या तेच लिहा," मास्तर म्हणाले.

बर्डेंनी कागद माझ्यापुढे सरकवला, पेन दिलं आणि सही कुठे करायची तिथं बोट ठेवलं. मी सही केली. पेनाचं टोपण लावलं. ते नीट बसलं की नाही ते पुन्हा पाहिलं. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, तरी मी त्या शाईच्या डागाकडेच बघत राहिले.

दार उघडल्याचा आवाज झाला. मग मास्तरांचा आवाज आला, मैदानावर यायचा तसाच, शांत, न रागावता.

"आता पाहा, मॅडम. गेला बॉल."

मी पाहिलं नाही. टायरच्या चपला पायऱ्या उतरल्या, खडीवरून दूर दूर गेल्या, आणि ऐकू येईनाशा झाल्या.